चूक शहराची

मास्तरांना स्वतःला गाडी चालवता येत नाही, अशी कुजबूज त्या रस्त्यावर पुष्कळ वर्षं होती.

आता हे मास्तर फळ्यावर गणितं सोडवणारे असते, तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण हे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी शहराला गाडी शिकवलेली. डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले, डॉक्टरांची बायको गेलेली, आणि ती शिकत असताना ज्याच्या भिंतीला गाडी लागली होती, तो भिंतवालाही पुढे ईर्ष्येने शिकून गेलेला. अशा माणसाला स्वतःला गाडी येत नाही म्हटल्यावर कुणाला गुदगुल्या होणार नाहीत? पोहायला शिकवणारा काठावरच तर उभा असतो, असं लोक म्हणायचे आणि मान हलवायचे.

पुरावेही कच्चे नव्हते. स्कूलच्या समोर इस्त्रीवाल्याचं दुकान. इस्त्री करणाऱ्याचे हात गुंतलेले असतात, पण डोळे आणि जीभ मोकळीच. त्याने मास्तरांना स्टिअरिंगमागे एकदाही पाहिलं नव्हतं. मास्तर घरून चालत येत. गाडी उन्हातून सावलीत घ्यायची तर विद्यार्थी येईपर्यंत थांबत. एकदा स्कूलची गाडी दारातच आडवी राहिली होती आणि मागे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून घसा बसल्यासारखा झाला होता. मास्तरांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, दहाची बॅच येतेच आहे, दहा मिनिटं दम धरा, आणि त्यालाही चहा पाजला. ही गोष्ट इस्त्रीवाल्याने इतक्यांदा सांगितली, की पुढे पुढे तिच्यात दुधाच्या टेम्पोच्या मागे ॲम्ब्युलन्सही उभी राहू लागली.

कुणी आडून आडून बाईंना विचारायचं. बाई म्हणजे मास्तरांची बायको. स्कूलचं ऑफिस त्यांच्या ताब्यात. कोण किती तास शिकला, कुणाचा रिव्हर्स कच्चा, कोण नवऱ्याला न सांगता येतं, सगळं त्यांना पाठ. त्या म्हणायच्या, "मला काय ठाऊक? मी त्यांच्याबरोबर गाडीत कधी बसलेच नाही. नुसता संसार केला."

मास्तरांना हे सगळं माहीत होतं आणि त्यांनी कधी खुलासा केला नाही. त्यांना खुलासा करायला वेळ कुठे होता? त्यांचा सगळा वेळ शहराला शिव्या देण्यात जायचा.

हे शिव्यांचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

मास्तरांच्या रागाचा एक नियम होता. गाडीत बसलेल्या माणसावर तो कधी निघायचा नाही. काचेबाहेर जे दिसेल त्यावर निघायचा. शिकाऊ माणसाने गाडी बंद पाडली, फुटपाथवर चढवली, उजवीकडे वळायचं तिथे वायपर सुरू केले, तरी मास्तरांच्या तोंडून त्याच्याबद्दल अक्षर निघत नसे. आपल्या पायाशी असलेला जादा ब्रेक ते हलकेच दाबत आणि बाहेर बघून सुरू होत. हा खांब बघा, कुणी उभा केला असेल? लग्न मोडल्यासारखा रस्त्याच्या मधोमध येऊन थांबलाय. तुमचं काही चुकलं नाही, चूक शहराची आहे. चला, क्लच दाबा.

बालवाडीच्या एक बाई होत्या, पन्नाशी उलटलेल्या. आधी त्यांच्या नवऱ्याने शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी दोघं वेगवेगळ्या बसने घरी आले. मग त्या मास्तरांकडे आल्या. नदीवरच्या पुलाच्या चढावर त्यांनी पाच वेळा गाडी बंद पाडली, आणि सहाव्या वेळी गाडी मागे घरंगळत फळांच्या हातगाडीपर्यंत गेली. मास्तरांनी ब्रेक दाबला आणि पुलाकडे अशा नजरेने पाहिलं, की पुलाला लाज वाटावी. म्हणाले, हा पूल ज्याने बांधला ना बाई, त्याचं त्या दिवशी सासऱ्याशी भांडण झालं असणार. असा चढ कुणी शुद्धीवर असताना बांधत नाही. बालवाडीच्या बाई रडता रडता हसल्या, आणि सातव्या वेळी गाडी वर गेली. आज त्या भाच्यांना स्टेशनवरून आणतात.

असं करता करता शहरातल्या प्रत्येक जागेला मास्तरांनी नाव ठेवलं होतं. लांबून सोपं वाटणारं आणि आत शिरल्यावर दात दाखवणारं एक वळण होतं, त्याचं नाव 'सासूचं वळण'. झाडाच्या फांदीमागे तोंड लपवून बसलेला सिग्नल, तो 'रुसका'. जिथे जबडा घट्ट मिटून गाडी न्यावी लागे तो रस्ता म्हणजे 'दातदुखी'. विद्यार्थी ही नावं घरी घेऊन गेले, घरच्यांनी शेजाऱ्यांना दिली, आणि काही वर्षांनी पोस्टमनसुद्धा पत्ता विचारणाऱ्याला सांगू लागला, की दातदुखी संपली की डाव्या हाताला तिसरं घर. मास्तरांच्या शिव्यांनी त्या शहराचं बारसं दुसऱ्यांदा झालं होतं.

आता अशा माणसाच्या तोंडी हे शहर गोड आहे की कडू, हे कुणालाही कळायला हवं होतं. एका बँकेच्या साहेबाला मात्र कळलं नाही. बदलीवर नुकता आलेला. शिकवणीच्या दुसऱ्याच दिवशी गाडीत मास्तरांच्या सुरात सूर मिसळून तो म्हणाला, की मीही पाच शहरं पाहिली, पण इतकं गचाळ पाहिलं नाही. मास्तर एकदम गप्प झाले. मग त्यांनी त्याला तास संपेपर्यंत रिव्हर्स घ्यायला लावला. बिचाऱ्याची मान दोन दिवस वाकडी होती. बाईंनी विचारलं तर म्हणाले, त्याचा रिव्हर्स कच्चा होता.

"त्याचा आज दुसराच दिवस होता," बाई म्हणाल्या.

"म्हणून तर कच्चा होता."

घरी आल्यावर मास्तर जेवताना दिवसभराची उजळणी करत. पण घरी काही बंद पडलेली गाडी नसे, घाबरलेला विद्यार्थी नसे. नुसतं शहर उरे आणि त्याचे वाभाडे. हा पूल एक दिवस माणसं गिळणार. या रस्त्यावर माणसाने पाऊल टाकू नये. बाई आमटी वाढता वाढता हसत. आणि समोर त्यांची एकुलती लेक बसलेली असे, डोळे मोठे करून ऐकत. तिला घरात 'छोटी' म्हणत, आणि ती पस्तिशीला आली तरी छोटीच राहिली.

छोटी मोठी झाली, शिकायला दुसऱ्या शहरात गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. एका ड्रायव्हिंग मास्तरची मुलगी, पण गाडी शिकली नाही. शिकाऊ लायसन्स तिने दोनदा काढलं, दोन्ही वेळा त्याची मुदत संपू दिली. लोक म्हणायचे, सोनाराच्याच लेकीचे कान बुच्चे. मास्तर म्हणायचे, शिकेल तिला हवं तेव्हा.

तर मास्तर चौसष्ट वर्षांचे झाले आणि त्यांचा गुडघा कुरकुरू लागला. शेजारच्या सीटवर बसून एकतीस वर्षं दुसऱ्यांचे क्लच दाबलेले; गुडघ्याने हिशेब मांडलाच. डॉक्टर, तेच ते मास्तरांचे विद्यार्थी, म्हणाले की आता कमी करा. इतकी बातमी फोनवरून छोटीच्या कानावर गेली मात्र, तिने निर्णयच घेऊन टाकला. बाबांनी आयुष्यभर त्या शहरात शिक्षा भोगली, आता त्यांना सोडवायचं. जावईबापू तिकडच्या नगरपालिकेत रस्तेखात्यात इंजिनिअर होते. त्यांनी आपल्या घराजवळ तळमजल्यावरचं एक नीटनेटकं घर शोधलं. बेत असा ठरला, की आधी दोन महिने येऊन राहायचं, आणि आवडलं की स्कूलला कायमचं कुलूप.

मास्तरांना नाही म्हणायचं होतं. पण म्हणणार कोणत्या तोंडाने? एकतीस वर्षं ज्या तोंडाने 'या शहरातून सुटलो तर पेढे वाटीन' म्हटलं, तेच तोंड होतं; दुसरं आणायचं कुठून? बाईंकडे त्यांनी आशेने बघितलं. बाई म्हणाल्या, चला, तुमच्या मनासारखं झालं एकदाचं. त्या हे खरंच बोलल्या की चिमटा काढला, हे मास्तरांना कळलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

रस्त्यावर तर आनंदीआनंद. जो तो येऊन अभिनंदन करून जाई. इस्त्रीवाल्याने मास्तरांचे सहा शर्ट कडक इस्त्री करून दिले आणि म्हणाला, सुटलात मास्तर, आम्हीच अडकलो. बालवाडीच्या बाई मुद्दाम गाडी चालवत आल्या आणि म्हणाल्या, आता तुम्हाला तो पूल पुन्हा बघायला नको. मास्तर हसले. पाहणाऱ्याला वाटलं, दाढ दुखत असावी.

जावयांचं शहर म्हणजे काय सांगावं. रस्ते आरशासारखे. फुटपाथ असा सपाट, की त्याच्यावर गोटी ठेवली तर ती विचार करत बसेल. सिग्नल लाल झाला की माणसं थांबत. पोलीस नसतानाही थांबत, हे मास्तरांना पहिले तीन दिवस खरं वाटलं नाही. ते कोपऱ्यावर उभे राहून बघत, की आता कुणीतरी सटकेल. कुणी सटकलं नाही. शेवटी तेच कंटाळून घरी आले.

तिथली माणसं आपल्या शहराचं कौतुक करत, पण ते नव्या फ्रिजचं करावं तसं. आमच्याकडे पाणी चोवीस तास. आमच्याकडे कचरा सातला उचलतात. मास्तर बागेतल्या बाकावर बसून ऐकत आणि मनातल्या मनात जीभ चावत. कारण शिव्या द्यायला काही सापडलं असतं, तरी देणार कशा? सगळं शहर जावयाच्या खात्याने बांधलेलं. लेक दिल्या घरच्या रस्त्याला नावं ठेवायची म्हणजे जावयाच्या तोंडावर वाईट म्हणण्यासारखंच. एका रविवारी जावयांनी त्यांना स्वतः आखलेला एक गोल चौक दाखवायला नेलं. चौकाला तीन फेऱ्या मारल्या. मधे हिरवळ, हिरवळीवर फुलं, फुलांवर पाण्याचे फवारे. जावई वाट बघत होते. मास्तर म्हणाले, छान.

त्या दिवशी मास्तरांनी 'छान' हा शब्द चौदा वेळा वापरला. बाईंनी मोजला आणि संध्याकाळी त्यांच्या काखेत थर्मामीटर खोचला. ताप नव्हता. पण भूक मंदावली होती, आणि जावयांच्या गाडीत बसलं की त्यांचा उजवा पाय, तिथे नसलेला ब्रेक शोधत, पायपुसणीवर हळूहळू फिरत राही.

दीड महिना झाला तेव्हा छोटीच म्हणाली, बाबा, मला शिकवा. तिने तिसऱ्यांदा शिकाऊ लायसन्स काढलं होतं. वडिलांचं मन इथे रमावं हा तिचा हेतू, आणि हेतू चांगलाच होता. जावयांनी गाडी दिली, काचेवर शिकाऊचा लाल 'एल' चिकटवला, आणि रविवारी सकाळी बापलेक घरामागच्या रस्त्यावर गेले. रस्ता म्हणजे धावपट्टी. ना खड्डा, ना कुत्रं, ना हातगाडी.

छोटीने गाडी बंद पाडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पाडली. तिसऱ्यांदा गाडी उडी मारून निघाली, कोपऱ्यावर वळली, आणि पुढचं चाक त्या सपाट फुटपाथवर चढून बसलं. पायाशी ब्रेक नव्हता, म्हणून मास्तरांनी हँडब्रेक ओढला. मग सवयीने त्यांनी बाहेर पाहिलं. खांब शोधला, खांब बरोबर जागेवर उभा होता. वळण पाहिलं, आखून काढलेलं. चढ नाही, झाड नाही, रस्त्याने साधं मांजरही जाईना. तोंड उघडलेलं, आणि त्याच्यात घालायला काही नाही. मग जे जवळ होतं तेच बाहेर आलं.

"लक्ष कुठे आहे तुझं?" मास्तर म्हणाले. "इतका सरळ रस्ता आहे आणि एवढं साधं जमत नाही?"

एकतीस वर्षांत मास्तर पहिल्यांदा शिकणाऱ्यावर ओरडले, आणि ती त्यांची पोटची पोर निघाली.

छोटीने किल्ली फिरवून गाडी बंद केली. तिने नवऱ्याला फोन केला. ते पाच मिनिटांत चालत आले, शांतपणे गाडी खाली घेतली आणि दोघांना घरी घेऊन गेले. सासऱ्यांनी तेवढी गाडीसुद्धा हलवली नाही, हे त्यांनी मनात नोंदवलं असणार; कुजबूज त्यांच्या लग्नापासून त्यांच्याही कानावर होतीच.

दुपारी स्वयंपाकघरात छोटी भाजी निवडत होती, समोर बाई शेंगा सोलत होत्या. मास्तर दारात येऊन उभे राहिले. दोन मिनिटं त्यांनी चौकट तपासली, जणू तीच वाकडी बसवलेली होती.

"बाबा," छोटी मान वर न करता म्हणाली, "सगळं गाव म्हणतं, मास्तर कधी कुणावर ओरडत नाहीत. मग मीच एक निघाले का तेवढी?"

"तुझ्यावर नाही गं ओरडलो. ओरडायला दुसरं काही सापडेना."

"म्हणजे?"

मग मास्तरांना सांगावं लागलं. माणूस गाडीत बसला, की आधीच अर्धमेला झालेला असतो. त्यात त्याला त्याची चूक दाखवली तर उरलेलाही मरतो. म्हणून ती चूक उचलून बाहेर ठेवायची, खांबावर, पुलावर, ज्याला कशाचं काही वाटत नाही अशावर. तिकडे जागोजाग सोय आहे. इथे चूक ठेवायला जागाच नाही, ती सगळी माणसाच्या मांडीवर येऊन पडते. हे सांगताना मास्तर अडखळत होते. रीत त्यांची स्वतःची होती, पण ती त्यांनी आजवर कुणाला समजावली नव्हती.

छोटीचे हात थांबले. "म्हणजे ते सगळं शिकणाऱ्यांना धीर द्यायला होतं? सासूचं वळण, माणसं गिळणारा पूल?"

"पूल वाईटच आहे," मास्तर म्हणाले. "पण हो."

"मी दहावीपर्यंत त्या पुलावरून सायकल हातात धरून चालत नेत होते. इथे शिकायला का आले, माहिती आहे? रोज जेवताना ऐकून ऐकून मला वाटलं, की या शहरात राहिले तर मी एक दिवस रस्त्यावर मरणार. गाडी का शिकले नाही? बाबांना जे शहर झेपत नाही ते मला काय झेपणार. आणि तुम्ही म्हणता, धीर द्यायला."

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्या इतकी वर्षं समजत होत्या, की लेकीला बापाची थट्टा कळते. गाडीतल्या माणसाला शिवीच्या मागून 'तुमचं काही चुकलं नाही' एवढं ऐकायला मिळे. जेवायच्या टेबलावर फक्त शिवी पोचायची.

मास्तर खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी छोटीच्या पुढ्यातली अर्धी भाजी आपल्याकडे ओढली आणि निवडायला लागले, देठ एकीकडे आणि पानं एकीकडे, चुकीच्या वाटीत.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

एवढं मोठं वाक्य त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. छोटीने डोळे पुसले, आणि वाटी न बोलता बदलून ठेवली. मग तिने विचारलं, की तुम्हाला ते शहर आवडतं तरी का. आता आली पंचाईत. शिव्यांचा शब्दकोश तोंडपाठ, पण कौतुकाचं एक पान कोरं. मास्तरांनी प्रयत्न केला. म्हणाले, आवडतं असं नाही, पण तिथला तो रुसका सिग्नल आहे ना, सकाळच्या वेळी उन्हात तो दिसतच नाही, आणि तरी सगळ्यांना माहीत असतं लाल आहे की हिरवा. म्हणाले, दातदुखीच्या शेवटी एक माणूस राहतो, तो शिकाऊ गाडी दिसली की स्वतःची सायकल बाजूला घेतो, एकतीस वर्षं घेतोय. ते कौतुक करत होते की गाऱ्हाणं सांगत होते, कळायला मार्ग नव्हता.

"घरी जायचंय असं सरळ म्हणा ना," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घातली. "जायचंय," ते म्हणाले.

जावयांना वाईट वाटलं, पण बरंही वाटलं असावं. 'छान' ऐकून ऐकून तेही थकले होते. तळमजल्यावरचं घर सोडून दिलं. परतीची बस शहरात शिरली, पहिल्याच खड्ड्यात आदळली, बाईंचं डोकं समोरच्या सीटवर आपटलं, आणि मास्तरांनी खिडकीतून बाहेर बघत रस्तेखात्याच्या सात पिढ्या एका दमात उद्धरल्या. बाई कपाळ चोळत म्हणाल्या, चला, उतरला ताप.

स्कूलची पाटी पुन्हा लागली, तास मात्र निम्मे केले. आणि पुढच्या महिन्यात छोटी अठरा दिवसांची रजा घेऊन आली. ऑफिसात येऊन आईसमोर बसली आणि इतरांसारखं रजिस्टरमध्ये नाव लिहून गेली.

पहिल्याच दिवशी पुलाच्या चढावर तिची गाडी बंद पडली. मागे रांग लागली. तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. मास्तरांनी ब्रेक दाबून ठेवला आणि गप्प बसले.

"बोला ना," छोटी म्हणाली.

"आता काय बोलू? तुला सगळं माहीत आहे."

"माहीत असू दे. बोला."

मग मास्तर बोलले. पुलाच्या इंजिनिअरपासून सुरुवात केली, त्याच्या सासऱ्यापर्यंत गेले, परतताना नदीलाही दोन शब्द ऐकवले, की इथेच कुणी वाहायला सांगितलं होतं. छोटीला ठाऊक होतं, की हे निव्वळ औषध आहे. तरी ते लागू पडलं. दुसऱ्या झटक्यात गाडी वर गेली.

सोळाव्या दिवशी तिने परीक्षा दिली आणि पास झाली. पुढे आपल्या शहरात ती रोज गाडी चालवू लागली, आणि महिन्याभरात फोनवर तक्रार करू लागली, की तुमच्या जावयांचा तो चौक नुसता गरगर फिरवतो, मी त्याचं नाव 'भोवरा' ठेवलंय. जावई दोन दिवस फुगून होते. मास्तरांनी फोन हातात घेऊन जावयांची बाजू घेतली. चौक उत्तम आहे म्हणाले. त्यांना काय जातंय आता.

पण ती परत जायच्या आदल्या सकाळची गोष्ट राहिली. छोटीने शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, उतरली, वळसा घालून मास्तरांच्या दाराशी आली आणि म्हणाली, "सरका पलीकडे. मला बघायचंय."

मास्तर पलीकडे सरकले. सीट मागे घेतली, आरसा नीट केला, आणि गाडी निघाली. छोटी शेजारी बसून वाट बघत होती, की आता कुठली शिवी येते. दातदुखी आली, गाडी एका खड्ड्यालाही न लागता पाण्यातल्या माशासारखी सुळसुळत गेली. रुसक्या सिग्नलला मास्तर वेळेवर थांबले. सासूच्या वळणावर त्यांनी एकाच हाताने चाक फिरवलं. पुलाच्या मध्यावर मागे कुणी नाही असं बघून त्यांनी गाडी जरा हळू केली, नदीकडे एक नजर टाकली आणि पुढे गेले. सगळ्या रस्त्यात तोंडातून शब्द नाही. शेवटी छोटीनेच विचारलं, बाबा, गप्प का? मास्तर म्हणाले, कुणाचं काही चुकलंच नाही, मग बोलायचं कशाला.

स्कूलसमोर दोन गाड्यांच्या मधल्या फटीत त्यांनी गाडी मागे घेऊन एका दमात लावली. समोर इस्त्रीवाला एकाच शर्टाची तीच बाही तिसऱ्यांदा इस्त्री करत होता. त्याची कुजबूज त्याच्या डोळ्यांदेखत गेली. पण इस्त्रीवाला असा हार मानणारा नव्हे. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर नवी बातमी होती, की छोटी अठरा दिवस कशाला आली होती, कळलं का? बापाला शिकवायला.

खरी गोष्ट एवढीच, की मास्तरांना गाडी पहिल्यापासून उत्तम चालवता येत होती. स्कूलच्या गाडीचं स्टिअरिंग शिकणाऱ्यासाठी असतं असं त्यांचं मत होतं, जावयांची गाडी न विचारता चालवायचा त्यांना संकोच वाटला, आणि स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नव्हती.